मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधि

मुंबईहून लंडन किती दूर, असें कोणी विचारलें तर त्यास दोन उत्तरें देतां येतात. एक अंतराचें, दुसरें वेळेचें. पहिलें पृथ्वीच्या गोलावर कायमचें लिहिलेलें आहे : दोन्ही विमानतळांमधील सर्वांत जवळची रेषा सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. दुसरें मात्र पिढीगणिक बदलत आलें आहे. तें केवळ यंत्रांच्या प्रगतीमुळें बदललें, ही सर्वसाधारण समजूत आम्हांस अपुरी वाटते.

शिडाच्या जहाजांना उत्तमाशा भूशिरास वळसा घालून या प्रवासास चार-सहा महिने लागत. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनीं हा अवधि दोन-तीन आठवड्यांवर आणला. पुढें ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेजनें लंडनजवळील क्रॉयडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल सुरू केलें, तेव्हां तेथवर पोहोंचण्यास एक आठवडा पुरूं लागला. परंतु तो सबंध आठवडा कांहीं आकाशांत जात नसे. बाझलपासून जिनोआपर्यंत उतारूंस आगगाडीनें जावें लागे. तेथून समुद्रावर उतरणारें विमान, आणि भूमध्य समुद्र ओलांडल्यावर पुन्हां जमिनीवरचें. इराणच्या किनाऱ्यानें जाण्याची परवानगी संपली, तेव्हां १९३२ सालीं हा मार्ग आखाताच्या दुसऱ्या तीरास, शारजाकडे, वळवावा लागला. विमानें होतीं, वैमानिकहि होते. परंतु वाट दुसऱ्याच्या अंगणांतून जात होती.

त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनीं कराचीचें टपाल जुहूस आणलें आणि मुंबई या मार्गास जोडली गेली. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें व कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. स्वतंत्र राष्ट्राचें विमान विलायतेस निघालें, याचा अभिमान त्या वेळीं वाटला असल्यास नवल नाहीं. मात्र १९४४ सालच्या शिकागो करारानें प्रत्येक राष्ट्राचें आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण स्वामित्व मान्य केलें होतें. विमान आपलें झालें, तरी वाटेंतील आकाश परक्यांचेंच राहिलें.

१९६० सालीं एअर इंडियाकडे जेट विमानें आलीं. आतां मध्यें कोठेंहि न उतरतां हा प्रवास साधारणतः नऊ-दहा तासांत होतो. तरीहि जुना प्रश्न मिटलेला नाहीं. २०१९ सालीं कांहीं महिने, आणि पुन्हां एप्रिल २०२५ मध्यें, पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांस, विशेषतः दिल्लीहून निघणाऱ्यांस, लांबचा वळसा घ्यावा लागला. इंजिनांची शक्ति तीळभरहि कमी झाली नव्हती. शेजाऱ्यांमधील विश्वास तेवढा आटला होता.

शाळेंत आपण मुलांस पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर मोजावयास शिकवितों. तो दोरा ज्या देशांवरून जातो, त्यांचीं नांवेंहि त्यांनीं वाचावींत. प्रवासाचा खरा अवधि त्यांवांचून कळत नाहीं.