'स्पीडी' : चौदा तोफांचे एक लढाऊ जहाज

नौयुद्धांच्या इतिहासात बहुधा मोठ्या जहाजांचीच नावे राहतात. नेल्सनचे 'व्हिक्टरी' बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु इंग्लंडातील डोव्हर येथे १७८२ साली बांधलेल्या 'स्पीडी'ची ओळख फार थोड्यांस असेल. दोन डोलकाठ्यांचे, अवघ्या २०८ टनांचे हे जहाज. तोफा चौदा, पण गोळा केवळ चार पौंडांचा! १८०० साली लॉर्ड कॉक्रेन हा तरुण स्कॉटिश सरदारपुत्र त्याचा अधिपती झाला. एका बाजूच्या सर्व तोफांचे गोळे आपण खिशांत घालून फिरलो होतो, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याची खोली जेमतेम पाच फूट उंच. दाढी करावयाची तर हा उंचापुरा गृहस्थ छताच्या झरोक्यातून डोके बाहेर काढी.

त्या वेळी स्पेन फ्रान्सच्या बाजूने इंग्लंडशी लढत होता. भूमध्य समुद्रात सुमारे तेरा महिन्यांत 'स्पीडी'ने पन्नासावर जहाजे पकडली. यात शौर्याइतकाच चातुर्याचाही वाटा होता. एकदा स्पेनच्या बलाढ्य युद्धनौकेने गाठले असता कॉक्रेनने डेन्मार्कचे निशाण चढविले, आणि जहाज प्लेगच्या मुलखातून आले आहे अशी बतावणी केली. स्पॅनिश अधिकारी दुरूनच परतले!

६ मे १८०१ रोजी बार्सिलोनानजीक 'गामो' हे ३२ तोफांचे स्पॅनिश जहाज समोर आले. त्यावर ३१९ माणसे. पकडलेल्या जहाजांवर खलाशी धाडावे लागल्यामुळे 'स्पीडी'वर उरलेली अवघी ५४. कॉक्रेनने प्रथम अमेरिकेचे निशाण दाखवून शत्रूस क्षणभर संभ्रमात पाडले, मग आपले निशाण चढवून थेट 'गामो'च्या कुशीत जाऊन भिडला. 'स्पीडी' इतके ठेंगणे, की शत्रूचे गोळे डोक्यावरून जाऊ लागले. याच्या तोफा मात्र तोंडे वर करून 'गामो'च्या तक्तपोशीवर मारा करीत होत्या. अखेर सुकाणूवर एकट्या शल्यवैद्यास ठेवून बाकी सर्वांनी शत्रूच्या जहाजावर उड्या घेतल्या. काहींनी तोंडास काळे फासले होते. धुमश्चक्रीत स्पॅनिश निशाण उतरविले गेले. ते पाहून आपल्या अधिकाऱ्यांनीच शरणागती पत्करली असे समजून स्पॅनिश सैनिकांनी शस्त्रे टाकली. 'गामो'चा कप्तान ठार झाला होता. 'स्पीडी'चे तीन खलाशी पडले, व लेफ्टनंट पार्कर जबर जखमी झाला.

पार्करला बढती मिळावी म्हणून कॉक्रेनने आरमार खात्याचे प्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांस लिहिले. इतकी थोडी माणसे पडली असता बढती देता येत नाही, असे उत्तर आले! माणसे वाचवून मिळविलेला विजय हा हलका विजय, असा हा हिशोब. कॉक्रेनने स्मरण करून दिले, की ज्या १७९७ च्या लढाईबद्दल खुद्द लॉर्डसाहेबांस अर्लपद मिळाले, तीत त्यांच्या जहाजावर एकच मनुष्य पडला होता. उत्तर बिनतोड होते, पण पार्करच्या ते कामी आले नाही. आणि वरिष्ठांची नाराजी कॉक्रेनने ओढवून घेतली ती घेतलीच.

विजयात मिळालेले 'गामो' आरमारात घेण्याऐवजी अल्जीयर्सच्या अधिपतीस विकण्यात आले. 'स्पीडी'चे दिवसही भरत आले होते. ३ जुलै १८०१ रोजी तीन मोठ्या फ्रेंच युद्धनौकांनी त्यास घेरले. वजन कमी करण्यासाठी कॉक्रेनने तोफा समुद्रात टाकल्या, तरी सुटका झाली नाही. त्याने पुढे केलेली तलवार फ्रेंच कप्तानाने घेतली नाही. अशा शूराने ती जवळच बाळगावी, असे तो म्हणाला. पुढे नेपोलियनने 'स्पीडी' पोप सातवा पायस यास भेट दिले, आणि 'सान पाओलो' या नव्या नावाने ते पोपच्या छोट्या आरमारात चाकरीस लागले.