नळ, तोटी आणि कारागिराची नजर

मनुष्याने अग्नी वश केला, त्याची वर्णने पुराणांत आणि इतिहासांत पुष्कळ आढळतात. परंतु त्याने पाणी कसे वश केले, हे सांगणारे ग्रंथ थोडे. राजांच्या लढायांची सनावळी शाळकरी मुलांना मुखोद्गत असते. आपल्या गावात पाणी कोणी आणि कोणत्या वाटेने आणले, हे मात्र वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही. आपली कासार-तांबट मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या भांड्यांवर जगली. हंडा, कळशी, घंगाळ आणि बंब ही आपली चार दैवते. तेव्हा पाणी घरात आणणारे आणि वापरलेले पाणी घराबाहेर नेणारे जे नळ, त्यांच्या इतिहासाला आपल्या स्मरणिकेत चार पाने मिळावीत, हे उचितच होय.

आरंभ आपल्या चांद्यापासूनच करू. खांडक्या बल्लाळशहाने हे नगर वसविले, अशी परंपरा आहे. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे व भोवतालचा परकोट आपण नित्य पाहतो. परंतु गोंड राजांचे खरे शहाणपण दगडी कोटाइतकेच पाण्यातही होते. जो कोणी रान तोडून गाव वसवील किंवा तलाव बांधील, त्यास जमीन इनाम देण्याची त्यांची रीत होती. त्या सनदांना ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरातील तुकूम वस्तीचे नाव आजही त्या प्रथेची साक्ष देते. रामाळा तलाव तर सर्वांच्या परिचयाचा. नगरातील गोंडकालीन पाणीपुरवठ्याच्या अवशेषांची दखल इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही घेतली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत बंदिस्त नळाने पाणी आणले. वाटेत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ खाली बसावा, म्हणून त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. तात्पर्य, नळ ही वस्तू साहेबाने जहाजातून आणली, हा समज निराधार आहे.

आता युरोपकडे वळू. इंग्रजीत नळकाम करणाऱ्यास ‘प्लंबर’ म्हणतात. हा शब्द ‘प्लंबम’ म्हणजे शिसे, या लॅटिन शब्दावरून आला. कारण रोमन लोकांचे नळ शिशाच्या पत्र्याचे असत. पत्रा गोल वळवून त्याची शिवण झाळून टाकावयाची, हे काम आपल्या आळीतील कोणताही कारागीर डोळे मिटून ओळखील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने मात्र शिशाच्या नळातील पाणी प्रकृतीस अपायकारक असल्याचे बजावून भाजलेल्या मातीच्या नळांची शिफारस केली होती. कुंभाराचा नळ शिशाच्या नळाहून आरोग्यास बरा, हे त्या काळीही जाणत्यांना ठाऊक होते.

युरोपातील पुढील प्रगतीचा इतिहास वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने नजरेस येते. ही प्रगती पंडितांनी जितकी केली, तितकीच हातात हत्यार धरणाऱ्यांनी केली. सतराव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरास दूरच्या झऱ्यांचे पाणी कालवा खणून पुरविण्याचे काम ह्यू मिडल्टन याने अंगावर घेतले व १६१३ मध्ये पुरे केले. हा मिडल्टन पेशाने सोनार. शौचकूपाखालील वाकडी नळी आज घरोघर आहे. तिच्या पेटंटाची नोंद १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याच्या नावे झाली, आणि तो होता घड्याळजी. १७७८ मध्ये त्यात सुधारणा केली जोसेफ ब्रामाने, तो सुतार. या वाकड्या नळीची युक्ती किती साधी पाहा! नळीला बाक दिला की त्या बाकात थोडे पाणी सदैव साचून राहते. घाण पुढे निघून जाते. गटारातील दुर्गंधी मात्र त्या पाण्याच्या पडद्यापाशी अडते. ओंजळभर पाण्याने आणि एका बाकाने जे काम साधले, त्याने शौचालय घराच्या आत आणणे शक्य झाले.

आपल्या मुलुखातून युरोपात गेलेल्या कारागिरांत मुंबईच्या वाडिया घराण्याचे नाव अग्रगण्य आहे. हे पारशी घराणे जहाजे बांधणारे. ‘वाडिया’ म्हणजे जहाजाचा सुतार. या घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडास गेले. पुढील वर्षी आर्देशीर खरशेटजी गेले. हे आर्देशीर रिकाम्या डोळ्यांनी गेले नव्हते. तत्पूर्वीच त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात विहिरीचे पाणी वर चढवून कारंजे उडविण्यासाठी लहानसे वाफेचे यंत्र बसविले होते, आणि १८३४ मध्ये त्याच बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. ज्याने नळ स्वतः जोडला आहे, त्यालाच परक्याचा नळ पाहता येतो. इतरांस तो केवळ दिसतो. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

आणि त्या वेळचे लंडन तरी कसे होते? शहराची घाण थेम्स नदीत जात होती, आणि त्याच नदीचे पाणी अनेक वस्त्या पीत होत्या. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे दूषित पाणी हेच रोगाचे मूळ असल्याचे दाखविले. १८५८ च्या उन्हाळ्यात तर नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांना बसवेना, तेव्हा कोठे बॅझलजेट यांच्या हाती मोठ्या भुयारी गटारांचे काम आले. म्हणजे युरोप जन्मतः स्वच्छ नव्हता. त्याने ठेच खाल्ली आणि तो शिकला.

या शिक्षणात आपल्या विदर्भाचाही अल्पसा वाटा आहे. अलेक्झांडर बिनी हे इंग्रज अभियंते १८६८ मध्ये हिंदुस्थानात आले. नागपूरच्या अंबाझरी तलावावरील पाणीपुरवठ्याची योजना त्यांनी पुरी केली. आपल्या चांदा जिल्ह्यातील कोळशाच्या शोधातही त्यांचा हात होता. पाऊस किती पडतो आणि त्यातील किती पाणी वाहून तलावास मिळते, याचे माप त्यांनी इकडे मोजून काढले. ‘बिनीचे प्रमाण’ म्हणून ते आजही जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येते. हेच बिनी पुढे लंडन काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले आणि १८९७ मध्ये थेम्सखालून जाणारा ब्लॅकवॉल बोगदा त्यांनी पुरा केला. विद्या अशी दोहों बाजूंनी वाहते. तिला चढउतार एवढाच ठाऊक, देशाची सीमा नव्हे.

आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध तांबट आपल्या मुलाकडे जर्मनीस काही महिने राहून आले. तेथील राजवाडे आणि पूल यांविषयी ते फारसे बोलले नाहीत. घराच्या भिंतीवरील पाणी तापविण्याचे यंत्र त्यांनी झाकण काढवून पाहिले आणि परतल्यावर मला म्हणाले, “गुरुजी, तो आपला बंबच आहे. फक्त भिंतीले टांगला आहे, अन् लाकडाऐवजी गॅस जळते.” आत तांब्याची नळी होती, तिचे सांधे त्यांनी बोटांनी चाचपले आणि काम चोख असल्याचा दाखला दिला. परंतु त्यांना खरे नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एके दिवशी मोरी तुंबली. जो मिस्त्री तोटी बसवावयास येत असे, त्यानेच मोरीची नळी उघडली, घाण काढली, हात धुतले आणि घरधनिणीने दिलेली कॉफी त्याच मेजाशी बसून घेतली. “पिण्याच्या पाण्याचा अन् मोरीचा माणूस तिकडे एकच असते,” एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

ज्ञातिबांधवहो, या एका वाक्यात आपल्या समाजाची परीक्षा आहे. आपण पाण्याचे दोन भाग केले. कळशीतले पाणी पवित्र. ते घडविणाऱ्यास मान. मोरीतले पाणी अपवित्र. ते वाहून नेणाऱ्यास गावाबाहेर जागा. स्वच्छ पाण्याचे काम एका ज्ञातीकडे आणि घाण पाण्याचे दुसऱ्या ज्ञातीकडे, अशी वाटणी झाली. म्हणूनच हातांत एवढे कसब असूनही ओंजळभर पाण्याची ती वाकडी नळी आपल्या आळीत जन्मास आली नाही, असे मला वाटते. ज्या कामाकडे पाहावयाचेच नाही, त्यात सुधारणा कशी सुचावी? घड्याळजीने आणि सुतारानेही जे काम हाती घेतले, ते आपल्याकडे उपेक्षितांच्या डोक्यावर टोपलीच्या रूपाने राहिले. ती प्रथा बंद करण्यासाठी १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये संसदेला कायदे करावे लागले. कायदा झाला तरी मन धुण्याचे काम ज्याचे त्यालाच करावयाचे आहे.

आज पितळेची जागा स्टीलने आणि प्लॅस्टिकने घेतली. भंडारा-चांद्याकडील कित्येक भाते थंडावले. कल्हईवाल्याची हाक आता क्वचितच कानी पडते. याचे दुःख कोणास होणार नाही? परंतु पाणी काही संपले नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ दूरदूरच्या पाड्यांपर्यंत नेण्याचे काम चालू झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळल्याने तेथे शुद्ध पाण्याची निकड आहे. नळ बसविणारा कंत्राटदार शहरातून येतो आणि जातो. तोटी गळू लागली, सांधा सुटला, तर गडचिरोलीच्या रानातील पाड्यास जवळचा जाणता मिस्त्री हवा. तो नसेल तर नळ असूनही बाया पुन्हा डोक्यावर गुंड घेऊन झऱ्याची वाट धरतील.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळ कारागिराचा अभ्यासक्रम आहे. जर्मनीत याच कामासाठी साडेतीन वर्षांची उमेदवारी करावी लागते, यावरून त्याची योग्यता कळावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करारही केला. आपले मंडळ डॉक्टर आणि इंजिनियर होणाऱ्या मुलांचा दरवर्षी सत्कार करते, ते योग्यच आहे. त्याच व्यासपीठावर, त्याच नारळाने आणि त्याच शालीने नळकाम शिकणाऱ्या मुलाचा व मुलीचाही सत्कार व्हावा, अशी माझी नम्र सूचना आहे. मात्र त्या मुलाने तोटीला जो हात लावला, तोच मोरीलाही निःसंकोच लावला पाहिजे. आणि तो कामावरून परतला म्हणजे आपण त्याला आपल्या पंक्तीत आपल्या शेजारी पाट दिला पाहिजे.