चार बाइटांची चिठ्ठी

कळमन्याच्या बाजारात एकाच ओट्यावर निरनिराळ्या अडत्यांचा माल उतरतो, व पोत्यावरील खूण पाहून तो कोणाचा हे हमाल ओळखतो. संगणकांच्या जाळ्यातही हीच अडचण आली आणि उपायही हाच निघाला. मात्र त्या खुणेपायी पोते चार बाइटांनी जड झाले. त्यातून जो घोळ झाला त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

१९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी तिचे नियम प्रसिद्ध केले. मजकूर तुकडे करून पाठवायचा. तुकड्याला नाव 'फ्रेम'. एका फ्रेमीत मजकूर फार तर १,५०० बाइट, पत्ते व तपासणीचा आकडा धरून १,५१८. तार सर्वांची एक. एकाने लांबलचक फ्रेम सोडली तर बाकीचे तेवढा वेळ खोळंबणार. मेमरीही तेव्हा महाग. मर्यादा वाजवीच होती.

पुढे एकाच स्विचमधून अनेक खात्यांची वेगवेगळी जाळी चालविण्याची सोय झाली. ही व्हर्च्युअल लॅन. हिशेबखात्याची फ्रेम त्याच खात्याला पोचावी म्हणून तिच्यात चार बाइटांचा टॅग घालायचा, असे १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकाने ठरविले. त्याच वर्षी आणखी एका दुरुस्तीने मर्यादा १,५२२ केली. कागदावर प्रश्न मिटला.

पण जुनी कार्डे व स्विच आधीच कामाला जुंपलेले होते, आणि त्यांना १,५१८ हाच आकडा पाठ. ड्रायव्हर म्हणजे येथे मोटार हाकणारा नव्हे, तर कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम. टॅग लावलेली भरगच्च फ्रेम आली की कार्ड वा ड्रायव्हर तिला 'राक्षसी' ठरवून टाकून देई. पाठविणाऱ्याला निरोप नाही, पावती नाही. तो तीच फ्रेम पुन्हा पाठवी, ती पुन्हा फेकली जाई. गंमत अशी, की लहान फ्रेमी सुखरूप जात. नाव-परवलीचा शब्द स्वीकारला जाई, छोटा निरोप पोचे, आणि मोठी फाईल तेवढी मध्येच अडके. मग साहेब म्हणणार, जाळे तर चालू आहे, तुम्हीच काही चुकलात! यंत्राचे खापर यंत्रापुढे बसणाऱ्याच्या माथी फुटते, ते असे. स्विचच्या मोजणीत टाकलेल्या फ्रेमींचा आकडा वाढत असे, पण तो उघडून पाहणार कोण?

उपाय दोन होते. एक, सर्वांनीच मजकूर १,४९६ बाइटांवर आणावा. हा सोपा, पण जुन्या यंत्रासाठी सगळ्यांचाच माल कापणारा. दुसरा, ड्रायव्हर सुधारावा. काही चिपांत मोठी फ्रेम घेण्याची सोय मुळातच होती. ड्रायव्हरने ती खुली केलेली नव्हती, एवढेच. आम्हांला हाच मार्ग न्याय्य वाटतो.

२००६ मध्ये मानकाने मर्यादा २,००० बाइटांपर्यंत नेली. सुमारे ९,००० बाइटांच्या 'जंबो' फ्रेमी मात्र मानकाबाहेर, कारखानदारांच्या आपसांतील समजुतीवर चालतात. त्या वापरायच्या तर वाटेतले प्रत्येक कार्ड, प्रत्येक स्विच तपासावे लागते, टॅगाचे चार बाइट धरून.