काकूचा फॉर्म

माझी काकू अंबड तालुक्यात आशा आहे. मोबाईलमध्ये ॲप, पिशवीत रजिस्टर, दोन्हींत तीच माहिती. "हे दोनदा कशाला रे भरायचं?" ती मला, सॉफ्टवेअरवाल्याला विचारते. मला उत्तर सुचत नाही.

या कामाची मुळं फार लांब नाहीत. बीड ओलांडलं की जामखेड. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. वेगवेगळ्या जातींच्या या बायका दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी यायच्या, एकत्र जेवायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, नवं शिकून परतायच्या. गाव आणि दवाखाना जोडले गेले ते या मुक्कामामुळे. (आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन म्हणतात आणि वेगळं बिल लावतात.) पैसा यायचा देणग्यांतून आणि रुग्णांच्या फीतून.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा आली. सेविका घेतली, मुक्काम मागेच राहिला. मोबदला कामागणिक, ठरावीक रकमेची भर नंतर पडली. दवाखान्यातल्या बाळंतपणामागे 600 रुपये: निम्मे आधीच्या तपासण्यांचे, निम्मे दवाखान्यात नेण्याचे.

गेल्या पावसाळ्यात काकू रात्री एका बाईला घेऊन गेली. तिच्या अंगात रक्त कमी होतं. ते रजिस्टरमध्ये होतं, ॲपमध्येही होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मात्र माहीत नव्हतं. काकू पहाटेपर्यंत प्रत्येकाला सांगत बसली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

महिनाअखेरीस तिचा फॉर्म मीच भरला. त्या रात्रीसाठी रकाना एकच होता: प्रसूती, 300.