उमेदवारीचं वर्ष

परवा कारंज्याला जाऊन आलो. (घाडग्यांचं कारंजा, वर्धा जिल्ह्यातलं. वाशीम जिल्ह्यातलं लाडांचं नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो!) ताईकडे जेवायला बसलो होतो आणि विषय निघाला भाचीचा. पोरगी बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन. पुण्याकडच्या एका औषध कंपनीत तिची वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीसाठी निवड झाली आहे. विद्यावेतन मिळणार, पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दिले की संपणार. वर्षानंतर नोकरी मिळेलच असं नाही.

भाऊजींना काही हे पटत नव्हतं. "वर्षभर राबवून घेतीन अन् मंग हात हलवत परत पाठवतीन. काय फायदा वं?" ते भाचीला म्हणाले. ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुम्ही पण केलं होतं ना असं एक वर्ष? फायदा झाला का?"

मी 'हो' म्हणालो खरा, पण भाऊजींचा प्रश्न मनातून जाईना. राबवून घेणं कुठे संपतं आणि शिकवणं कुठे सुरू होतं? आणि त्या वर्षाचा खर्च नेमका कोण भरतं? एसटीत बसल्यापासून नागपूर येईपर्यंत हेच डोक्यात होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

मुळात 'उमेदवार' हा शब्दच बघा. आता तो निवडणुकीपुरता उरलाय, पण आपल्या आज्या-पणज्याच्या काळात उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी काम करणारा पोरगा. कारकुनाच्या शेजारी बसायचं, नकला करायच्या, दौत भरायची आणि एखादी जागा रिकामी होईल या उमेदीवर दिवस काढायचे. उमेद आहे म्हणून उमेदवार. कुणी महिने काढी, कुणी वर्षं. तोवर पोट कोण भरायचं? घर. बापाची शेती, नाहीतर एखादा काका. ज्याच्या घरी दोन वेळचं जास्तीचं नव्हतं, त्याला उमेद धरणंही परवडत नव्हतं. म्हणजे शिकण्याची पहिली फी ही अशी न दिसणारी होती.

याच्या अगदी उलट विचार आपल्याकडे एका माणसानं केला. अंताजी दामोदर काळे. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे, अशी त्यांची कल्पना. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे ६४ माणसांपुढे हात पसरले की एक रुपया! टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की हा कारखाना काच करण्याइतकाच काच करणारे तयार करण्यासाठी होता. पोरं भट्टीपुढे उभी राहून शिकली आणि देशभरातल्या काच कारखान्यांत पांगली. नफ्यातोट्याच्या वहीत याला काय म्हणतील कोण जाणे. शिकवलेला माणूस दुसरीकडे गेला की मालकाला तो तोटा वाटतो. इथे तोच हेतू होता, कारण पैसा मालकाचा नव्हताच, सगळ्यांचा होता.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९०६ साली, अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकानं २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. थोडे दिवस कॉलेजात, थोडे दिवस कारखान्यात, असं आलटून पालटून. कारखान्यातल्या दिवसांची मजुरी मिळायची. आज जगभर विद्यार्थी महिनोन् महिने कंपनीत जाऊन शिकतात, त्या पद्धतीच्या मोठ्या मुळांपैकी हे एक. तिथे खर्च भरत होता कारखानदार, कारण पोरगा काहीतरी काम करून देत होता.

आणि मग आमचं वर्धा! २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं, आणि त्या उद्योगातून शाळेचा खर्चही निघावा. म्हणजे शिकणाऱ्याच्या हातांनीच शिक्षणाचा खर्च भरायचा. यावर परिषदेतच आक्षेप आले. पुढे झाकिर हुसेन समितीनं योजना आखली तेव्हा तिनंही स्पष्ट सावध केलं, की कमाईच्या बाजूवर फार भर दिला तर शिक्षणाची बाजू मागे पडेल. सूत किती निघालं हे मोजत बसलो तर मूल काय शिकलं हे विचारायचं राहून जाईल. भाऊजींची भीती याहून काय वेगळी आहे? ते समितीच्या भाषेत बोलत नाहीत, एवढंच.

१९५७ मध्ये तुर्भ्याला होमी भाभांच्या अणुऊर्जा केंद्रात प्रशिक्षण शाळा निघाली. पदवीधर मुलं घ्यायची, एक वर्ष शिकवायचं, शिकताना पैसे द्यायचे आणि उत्तीर्ण होणाऱ्याला तिथेच शास्त्रज्ञ म्हणून सामावून घ्यायचं. इथे खर्च सरकारचा आणि पुढच्या जागेची खात्रीही सरकारची. उमेदीवर काही सोडलेलंच नाही. पण अशा जागा किती मुलांच्या वाट्याला येणार?

उरलेल्यांसाठी आला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. बघा, 'उमेदवार' हा शब्द मराठीत इथे पुन्हा आलाच! फक्त आता तो बिनपगारी राहिला नाही. कंपनीनं शिकाऊ मुलं घ्यायची, करार करायचा, तो नोंदवायचा आणि विद्यावेतन द्यायचं. हा कायदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्यात म्हटलंय की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पण कारखान्यातलं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांचा प्रश्न आला की त्याला कामगार समजूनच वागवायचं. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारीही मालकाची. म्हणजे मजुरी मोजताना विद्यार्थी आणि अंगावर ॲसिड उडालं तर कामगार. पहिल्यांदा वाचून मला राग आला होता. नंतर वाटलं, निदान दुसरा अर्धा भाग तरी कुणीतरी लिहून ठेवला.

आता माझं वर्ष. १९९६-९७. मीही बी.एस्सी. रसायनशास्त्र. आमच्या वेळी हा कायदा आयटीआयवाल्यांना होता, १९७३ च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअर आणि डिप्लोमावाल्यांनाही होता. साधा बी.एस्सी. त्यात बसतच नव्हता. ते २०१४ च्या दुरुस्तीनं झालं. त्यामुळे माझ्याकडे करार नव्हता, नोंदणी नव्हती. एका कंपनीच्या (नाव सांगत नाही) प्रयोगशाळेत 'ये, शीक' एवढ्यावर मी रुजू झालो. पहिले तीन महिने ब्युरेट आणि पिपेट धुतले. ठरलेले पैसे चार-चार महिने मिळत नसत. पणजोबांच्या काळातला उमेदवारच मी, फक्त दौतीच्या जागी ब्युरेट.

तरीही भाचीला 'हो' म्हणालो, ते खोटं नव्हतं. तिथे एक वयस्कर केमिस्ट होते. एकदा माझं रीडिंग चुकलं, मी खोडरबर शोधायला लागलो. त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख." कॉलेजात चुकलेलं रीडिंग म्हणजे एक मार्क कमी. इथे त्या आकड्यावर औषधाची अख्खी बॅच बाहेर जाणार की थांबणार हे ठरत होतं. आपली चूक आपल्याच सहीनिशी जपून ठेवायची, ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकानं शिकवली नाही. पुढची सगळी नोकरी मी त्या एका रेघेवर केली.

पण त्या वर्षाचे पैसे कोणी भरले? बऱ्याच वर्षांनी आईनं सहज सांगितलं. त्या साली बाबांनी संत्र्याचा मृग बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. भाव वाढायची वाट बघितली असती तर चार पैसे जास्त आले असते. पण दर महिन्याला माझी मनीऑर्डर करायची होती. बाबा मला यातलं एक अक्षर बोलले नाहीत. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की मी कंपनीत शिकलो! कंपनीला एक तयार केमिस्ट मिळाला, त्याची फी कारंज्याच्या झाडांनी भरली होती. पैसा फंड म्हणतात तो आमच्या घरात असा होता, त्याला देणारा एकच माणूस होता आणि पावती कुणी फाडली नाही.

काल रात्री भाचीला फोन केला. म्हटलं, जा. पण तीन गोष्टी कर. करार नोंदवला आहे का ते बघ आणि त्याची प्रत घरी ठेव. रोज काय शिकलीस ते वहीत लिही, फक्त काय केलंस ते नको. महिनाभर वहीत 'धुतलं, पुसलं, वाहून नेलं' एवढंच येत राहिलं, तर वरच्या साहेबांना जाऊन विचार.

"अन् तिसरी?" ती म्हणाली.

"बाबांना विचार, पैसे कुठून आणणार आहेत. ते सांगणार नाहीत. तरी विचार."

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग म्हणाली, "मामा, आंबिया बहाराचा सौदा झाला परवाच."

असो. रविवारी निघतेय ती. भाऊजी सोडायला जाणार आहेत, स्वतः.