बुटीबोरी परिसरातील खानपान

नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरी हे महामार्गावरचे औद्योगिक गाव. येथील पाहुण्याला सावजी भोजनालय व परमिट रूम या दोन्हींची ओळख हवी. मात्र या भागाचा खरा पाहुणचार पेल्यापेक्षा ताटात आहे. ब्रिटिश पबप्रमाणे परमिट रूममध्येही जेवण आणि मद्य एकत्र मिळते, मग फरक कोणता, असे कोणी विचारील. फरक कायद्याने घडवला. ब्रिटनमध्ये पब ही वस्तीची बैठक बनली. इथे १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने पिणे परवान्याला बांधले. बिअरसाठी २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने सेवाग्रामकडे निघालेल्याने बाटली सोबत नेऊ नये.

सावजी जेवण ही नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर समाजाची देणगी. भाजून वाटलेल्या मसाल्याचा काळपट रस्सा आणि वर तेलाची तर्री ही त्याची खूण. ते केवळ जाळ तिखट असते, हा आक्षेप अपुरा आहे. तिखटामागे खसखस, सुके खोबरे, धने आणि खड्या मसाल्यांचा खोल स्वाद असतो. घाईने भुरकणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून नवख्याने तर्री बाजूला सारून रस्सा पोळीशी किंवा भाकरीशी थोडा थोडा घ्यावा, कांदा-लिंबू जवळ ठेवावे. सावजी म्हणजे फक्त मटण, हाही गैरसमजच. पाटोडी रस्सा आणि डाळकांदा शाकाहारी माणसालाही तीच चव पुरेपूर देतात.