सांगोल्याचा सातबारा आणि १९०१ चा सभात्याग

१/ सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद अनेकांनी पाहिली असेल. अशी जमीन कसता येते. मात्र शासनाच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. जुन्या बोलीत हिला ‘नव्या शर्तीची जमीन’ म्हणतात. ही ‘नवी शर्त’ मुळात कधी नवी होती? उत्तर शोधण्यासाठी मुंबई कायदेमंडळाच्या १९०१ च्या अधिवेशनापर्यंत मागे जावे लागते. त्या अधिवेशनाविषयी हा धागा.

२/ आरंभ १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टपासून. या कायद्यान्वये मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. अध्यक्षस्थानी गव्हर्नर सर जॉर्ज रसेल क्लार्क होते. जगन्नाथ शंकरशेट, माधवराव विठ्ठल विंचूरकर, रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय व सावनूरचे नवाब हे एतद्देशीय सभासद होते. सारेच सरकारनियुक्त. निवडणूक नाही, प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही.

३/ पुढची पायरी १८९२ च्या कायद्याची. आता अंदाजपत्रकावर बोलता येई व प्रश्न विचारता येत. मत मात्र देता येत नसे. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवायची आणि सरकारने ती नेमायची, अशी आडवळणाची निवडणूक सुरू झाली. कायद्याने ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळला होता.

४/ या व्यवस्थेत सांगोला कोठे होता? सोलापूर जिल्हा मध्य विभागात मोडे. पुणे, सातारा, नगर, नाशिक व खानदेश हे जिल्हेही त्यातच. या विभागातील लोकल बोर्डांची मिळून एक जागा होती. तेथून १८९५ मध्ये लोकमान्य टिळक निवडून आले आणि १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले. म्हणजे १९०१ साली सांगोल्याच्या रयतेचे कायदेमंडळातील प्रतिनिधी, कागदोपत्री तरी, गोखले होते. त्यांना मत देण्याचा अधिकार मात्र माणदेशातील शेतकऱ्याला नव्हता.

५/ आता शेताकडे पाहू. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तरीही जमिनी सावकारांकडे जातच राहिल्या. त्यात १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ कोसळले. सारा थकला, आणि थकलेल्या साऱ्यापायी जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार रयतेच्या डोक्यावर आली.

६/ नेमक्या याच वेळी, मे १९०१ मध्ये, महाबळेश्वरच्या बैठकीत जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. त्याचा गाभा असा: साऱ्याच्या थकबाकीमुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा रयतेला देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क सरकारने काढून घ्यावा. गहाणच टाकता येत नसेल तर सावकार ती बळकावणार कशी, हा सरकारचा युक्तिवाद. पंजाबात १९०० मध्ये जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा झालाच होता.

७/ युक्तिवाद वरवर रयतेच्या हिताचा होता. विरोधकांचा आक्षेप त्याच्या परिणामांवर होता. जमीन हेच कुणब्याचे एकमेव तारण. ते काढून घेतले आणि पर्यायी कर्जाची सोय केली नाही, तर पुढच्या दुष्काळात बी-बियाणे व बैल आणायचे कशाच्या भरवशावर? शिवाय दुष्काळाने थकबाकीदारांची संख्या प्रचंड वाढलेली. म्हणजे मिराशीसारखा पिढीजात हक्क जाऊन रयत सरकारची कूळ बनण्याची भीती होती. प्रयोग करायचाच तर तो मर्यादित क्षेत्रात, जुनी कर्जे निवारून व पतपुरवठ्याची व्यवस्था करून करावा, असा गोखल्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

८/ ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये विधेयक अखेरच्या विचारास आले. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानी होते. विधेयक लांबणीवर टाकावे, ही फिरोजशहा मेहतांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली गेली. त्यानंतर मेहता उठले आणि सभागृहाबाहेर पडले. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे व गोखले यांनीही सभात्याग केला. संयमासाठी ख्यात असलेल्या गोखल्यांसारख्या मवाळ नेत्याला हे पाऊल उचलावेसे वाटले, यावरून प्रसंगाची तीव्रता ध्यानी यावी.

९/ परिणाम? विधेयक मंजूर झाले. रिकाम्या खुर्च्यांनी मतमोजणीत काही फरक पडणार नव्हता. सरकारी बहुमत आधीच ठरलेले होते. मात्र हे सभागृह चर्चेचे नाटक करते, निर्णय अन्यत्र होतो, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या देशाला दिसली. इंग्रजी व मराठी वृत्तपत्रांत या सभात्यागावर उलटसुलट चर्चा झाली.

१०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. बाहेर पडलेले पाचही जण शहरी, सुशिक्षित, बहुतेक वकील. ते रयतेचे कैवारी होते की सावकारांचे? हा आरोप सरकारपक्षाने तेव्हाच केला होता आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. कारण लोकल बोर्डांत सधन वर्गाचेच वर्चस्व होते. पण सरकारही रयतेला विचारून विधेयक आणत नव्हते. दोन्ही बाजू कुणब्याच्या नावाने बोलत होत्या आणि कुणबी सभागृहात नव्हता. या अधिवेशनाचे खरे मर्म मला येथेच दिसते.

११/ पुढे? गोखले लवकरच मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि पर्यायी कर्जाच्या प्रश्नाला प्रथमच काही उत्तर मिळू लागले. हस्तांतरणावरील निर्बंधाची कल्पना मात्र टिकली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ती ‘वर्ग २’ या रूपाने आढळते. आजची प्रत्येक वर्ग २ जमीन १९०१ च्या कायद्यातून आलेली नाही; भूमिहीनांना व प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या जमिनीही त्यात येतात. कल्पनेचा धागा मात्र तोच.

१२/ आणि सांगोला? १९६२ पासून येथील मतदारांनी गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेवर पाठवले. स्वतःच्या मताने, थेट. १९०१ मध्ये पुण्यातील सभागृहात ज्याच्या जमिनीचा निकाल लागला, त्या शेतकऱ्याला स्वतःचा माणूस तेथे पाठवण्यासाठी मध्ये अर्धशतकाचा काळ जावा लागला. आपल्या घरच्या सातबाऱ्यावर ‘वर्ग २’ असेल, तर ती जमीन कोणत्या सालच्या, कोणत्या आदेशाने आली, हे जुन्या फेरफार नोंदीत जरूर पाहा. गावाचा इतिहास पुष्कळदा तलाठ्याच्या दप्तरात सापडतो.